बगळा आणि खोडरबर

नऊ दिवस.

पाच बिस्किटं, मऊ पडलेली.

गुडघ्यांना लावायचं मलम. टोपण हरवलेलं.

मासिकाच्या कचेरीतली एक खुर्ची, वळताना कुरकुरणारी.

गवताची एक काडी — बेपत्ता.

अंक उघडा धरून तो तावातावाने कचेरीत शिरला. नदीकाठी कॅमेरा लावून तासन्‌तास निश्चल बसतो, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आज मात्र बगळा खवळला होता.

"माझ्या पाणमांजराच्या मिशांपुढची काडी कुणी खाल्ली?"

खुर्ची कुरकुरत वळली. "मी. सकाळपासून पोटात काही नव्हतं."

फोटोंवर शेवटचा हात फिरवणारी ती हीच. हसायचं नाही, असं तो ठरवून आला होता. ते जेमतेम टिकलं.

"उजेड वाढवा, कडा कापा. पण जे तिथे होतं ते पुसायचं नाही. नियम आहे."

"नऊ दिवस बसलात, मग आणखी नऊ सेकंद बसायचं. वाऱ्याने काडी हलली असती."

"आणि पाणमांजर?"

"तेही हललं असतं..." ती ओशाळली. "चुकलंच माझं. पुढच्या अंकात दिलगिरी छापू."

"दिलगिरी नको. चहा चालेल."

त्या दिवसापासून तो तिला खोडरबर म्हणू लागला.

मग दर आठवड्याला फोटो जात, परत येत. ती काय करी ते शोधावं लागे. कुठे सावली किंचित उघडलेली, कुठे कोपरा नखभर कापलेला. एकदा तासभर शोधूनही त्याला काहीच सापडेना. शेवटी तिचाच निरोप आला: "तुमचं पाणी नेहमी डावीकडे कलतं. सरळ केलंय. डावा खांदा उतरता आहे का हो तुमचा?"

तो आरशासमोर उभा राहिला. खरंच होता. नदीकाठी बसायला लागून सहा वर्षं झाली, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; त्याच्याही नाही.

"त्या जनावरांची वाट बघतोस तशी हिचीही बघणारेस का?" ज्या बहिणीच्या माडीवर तो राहायचा, ती ताई म्हणाली. "म्हातारा होशील रे!"

"घाई केली की पळतात, ताई."

"ती पाणमांजर नाहीये!"

तरी तो थांबला. सात महिने.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "दुसऱ्या शहरात बोलावलंय मला. मोठी जागा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"अभिनंदन," तो म्हणाला. आणि मनात स्वतःच्याच थोबाडीत मारली.

"तुमचं लपण एकदा बघायचंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी?"

लपण म्हणजे नदीकाठी काटक्यांनी झाकलेला बुटका तंबू. आत जेमतेम दीड माणूस मावे. त्यात दोघं. बोलायचं नाही, हा नियम.

सात दहा. काही नाही.

सात चाळीस. काही नाही. तिचा श्वास, कापडावर बोटांचा चाळा.

आठ वाजता ती पुटपुटली, "विचार ना."

अहो-जाहो कधी गळून पडलं, त्याला कळलंच नाही. "काय?"

"जे विचारायचंय ते."

तेवढ्यात पाण्यावर बुडबुडे उठले. पाणमांजर वर आलं. मागोमाग दोन पिल्लं, आईच्या पाठीवर चढायची धडपड करणारी. सहा वर्षं तो ज्या चित्रासाठी बसला होता, ते समोर होतं. बोट बटणावर गेलं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला — आणि बटण दाबलं.

आवाजासरशी पाणी मिटलं.

तिने कॅमेऱ्याचा पडदा स्वतःकडे वळवला. तीन राखाडी ठिपके, ओल्या हाताने पुसल्यासारखे.

"हललाय."

"हात हलला माझा."

"तुझा?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "वाळूच्या पिशवीवर लेन्स टेकवलेली असताना?"

तो उगाच पिशवीतली वाळू सारखी करू लागला.

"थोडा सुधारता येईल," ती म्हणाली. "कडा जरा धारदार केल्या तर—"

"कर. अजून फुकट गेलेला नाही तो."

"नाही करत." तिने डोकं त्याच्या उतरत्या खांद्यावर टेकवलं. "आणि हा छापायलाही नाही द्यायचा. हा माझा."

ती मोठी जागा तिने आदल्या सकाळीच नाकारली होती. त्याला फोन केला तो त्यानंतर.