तिने न पाठवलेली मेल

जिन्याच्या वळणावर तो तिच्यावर आदळायचाच राहिला. सावरला, कानांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “तुमची मेल वाचली. माझं… हो आहे.”

“कसली मेल?”

आता ही बया कोण, तर विमानांच्या दुरुस्ती विभागातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारी. कोणी अनोळखी फाइल उघडली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून सगळे तिला पोलीसबाई म्हणत. आणि तो इंजिनिअर. विमान तपासून त्याने कॉम्प्युटरवर सही केल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. दोघांच्या खोल्यांमध्ये एक काच होती. त्या काचेतून कित्येक महिने चोरून बघणं चाललेलं, बोलण्याच्या नावाने मात्र शून्य!

“ड्युटीनंतर कॉफी घेऊ म्हणून… तुम्हीच लिहिलंत ना?”

“मी? मी कशाला लिहू?” म्हणाली आणि जीभ चावली. लिहावंसं तिला कितीदा तरी वाटलं होतं.

ती थेट त्याच्या खोलीत गेली. खिडकीबाहेर धुकं असं दाटलेलं की उभी विमानंसुद्धा दिसेनात. स्क्रीनवर मेल होती, तिच्याच नावाची. ‘तुम्ही हनुवटीला हात लावून माझ्याकडे बघता, ते मला कळतं. कुठे भेटायचं ते सोबतच्या फाइलमध्ये आहे.’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. “हे कोणाला सांगितलंत?”

“शप्पथ, कोणालाच नाही!”

विमान कंपन्यांच्या मागे लागलेल्या एका व्हायरसबद्दल ती रोज कानीकपाळी ओरडत होती. तो आधी गुपचूप शिरतो आणि नुसता बघत बसतो. तिने भराभर शोधलं, तर एका कोपऱ्यात फोटो दडवलेले. सगळे ह्याचेच, ह्याच्याच कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने काढलेले. हनुवटीला हात, नजर काचेकडे… एकामागून एक, तसेच. शेवटच्या फोटोत मात्र दोघं होती. तिचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

तिने पाहिलं. हात आत्ता तिथेच होता.

“अगं बाई!” तिने हिसका मारून इंटरनेटची केबल उपटली. “त्या फाइलने काही मागितलं का?”

“सहीचा पासवर्ड,” तो पुटपुटला. मग त्याची नजर स्क्रीनवरच्या, सही झालेल्या विमानांच्या यादीवर गेली आणि तोंडचं पाणीच पळालं. “हे विमान… ह्यावर माझी सही कशी? ह्याचे ब्रेक मी अजून तपासलेलेच नाहीत!”

धुक्यात कुठेतरी इंजिन घरघरत होतं. प्रवासी आत बसले होते.

त्याने साहेबांना फोन लावला. स्पीकरवर साहेब कडाडले, “सही तुझी, आणि आता म्हणतोस थांबवा? पासवर्ड गेला म्हणे! तुझ्यासारखा काटेकोर माणूस तो देईलच कसा? भलतंसलतं सांगू नकोस!”

थाप मारायला जागा होती. नोकरीही वाचली असती कदाचित. त्याने तिच्याकडे बघितलं, यावेळी मध्ये काच नव्हती.

“मागणारीचं नाव हिचं होतं, साहेब. हिने मागितलं असतं तर… मी काहीही दिलं असतं.”

बाहेर इंजिनाची घरघर चढत गेली. तिने श्वास रोखून धरला.

“थांबवतो,” साहेब हळूच म्हणाले. “तुझं काय करायचं ते उद्या बघू.”

बाहेरचा आवाज खाली खाली येत विझला. तिला एकदम रडूच फुटलं, आणि त्याची तर पार तारांबळ उडाली.

“मी ब्रेक बघून येतो,” तो दारात घुटमळला. “उद्या बहुतेक घरी बसवतील मला. तरी… थांबाल का?”

तिने डोळे पुसले. “थांबेन. आणि नीट ऐका, हे मी माझ्या तोंडाने सांगतेय.”