तांबडीच्या ब्रेकमधला बुडबुडा

आबांनी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला आणि थेट तळाला टेकला. ब्रेकचं पेडल कसं, थोडं दाबलं की दगडासारखं घट्ट लागायला हवं. हे तर लोण्यात बोट बुडवल्यासारखं जात होतं. तेल नवं, रबरी सील नवे, कुठं थेंबभर गळती नाही. सकाळपासून तीनदा ब्रेकमधली हवाही काढून झाली होती. तरी ये रे माझ्या मागल्या.

"झालं का घट्ट?" मागच्या चाकाशी बसलेल्या कृत्तिकानं विचारलं.

"नाही गं," आबा म्हणाले, आणि गाडीतून उतरून पायरीवर बसले.

सन २०७४ मधली ही गोष्ट. आंबा घाटाच्या माथ्यावर निनाद सरनोबत नावाचे एक शास्त्रज्ञ राहत होते. तेच हे आबा. त्यांच्या लहानपणी हे नाव फार नव्या फॅशनचं होतं म्हणे. आता असली नावं फक्त आजोबांचीच असतात. घाटातल्या जुन्या रस्त्यालगत चाळीस झरे आहेत. कुठला झरा किती पाणी देतो, त्याची नोंद आबा एकतीस वर्षं ठेवत होते. त्या नोंदी बघून खालची गावं उन्हाळ्यातलं पाणी वाटून घ्यायची. आपल्या आपण चालणाऱ्या नव्या गाड्या बोगद्यातून जात. जुन्या रस्त्याला त्या चाकसुद्धा लावत नसत. तिथं जायला हवी माणसानं चालवायची गाडी, आणि ती आबांकडे होती. साठ वर्षांची, विटकरी रंगाची. आबा तिला तांबडी म्हणायचे.

अशा गाड्यांची वर्षातून एकदा तपासणी होई. ब्रेक नापास झाला की गाडी कायमची रस्त्याबाहेर. आज चार वाजता तपासनीस मुजावर मॅडम येणार होत्या. तांबडी गेली तर झरेही गेले, कारण शहात्तर वर्षांचे आबा पायी घाट उतरून पुन्हा चढणार तरी कसे? आबा हे तोंडानं बोलले नव्हते, पण कृत्तिकाला ते ठाऊक होतं.

कृत्तिका त्यांच्या मुलीची मुलगी. वय अकरा, जन्मगाव चंद्र. तिचे आईबाबा तिथल्या वस्तीत भाजीपाला पिकवायचे. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या भागाइतकंच भरतं, त्यामुळे तिथल्या मुलांची हाडं नाजूक राहतात. हाडांना बळ यावं म्हणून तिला वर्षापूर्वी आबांकडे धाडलं होतं. पहिले चार महिने पाण्याच्या टाकीत व्यायाम, मग काठी, आता काठीही सुटली होती. सवयी मात्र सुटल्या नव्हत्या. चंद्रावर हातातला कप सोडला तर तो सावकाश खाली येतो, माणूस निवांत वाकून झेलतो. इथं तिनं असे आबांचे सात कप सोडले होते. आबा एकदाही रागावले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं. म्हणून काल जेव्हा आबा म्हणाले की ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात, तेव्हा तिनं लगेच हात वर केला होता. हे एक काम तरी तिला न मोडता करून दाखवायचं होतं.

काम समजावून द्यायला आबांनी झऱ्याचं पाणी मोजायच्या दोन पिचकाऱ्या घेतल्या, त्यांच्या तोंडांना एक रबरी नळी जोडली आणि सगळं पाण्यानं गच्च भरलं. कृत्तिकानं एका पिचकारीचा दट्ट्या दाबला. तत्क्षणी दुसरीचा दट्ट्या बाहेर आला. तिनं बोटभर दाबला की तिकडे बोटभर बाहेर.

पाणी दाबून आकसत नाही, आबांनी सांगितलं. द्रव असंपीड्य (कितीही दाबला तरी जवळजवळ तेवढाच राहणारा) असतो. त्याला एका टोकाला ढकललं की तो ते ढकलणं जसंच्या तसं दुसऱ्या टोकाला पोचवतो. तांबडीचे ब्रेक याच तत्त्वावर चालायचे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर (पायाचा दाब घेणारं पहिलं नळकांडं) नळ्यांतल्या तेलाला ढकलतो. तेल चाकापाशी बसवलेल्या छोट्या नळकांड्यांतले दट्ट्ये बाहेर रेटतं. ते दट्ट्ये ब्रेकचे शू (घासपट्टी लावलेले कमानदार तुकडे) चाकाच्या आतल्या बाजूवर घट्ट दाबतात. शू घासले जातात, चाक थांबतं.

मग आबांनी नळीत थोडी हवा शिरू दिली. कृत्तिकानं पुन्हा दट्ट्या दाबला. या वेळी मधला बुडबुडाच आकसून लहान झाला आणि पलीकडचा दट्ट्या ढिम्म हलला नाही. हवा संपीड्य (दाबली की आकसणारी) असते. कृत्तिकाचा सगळा जोर ती स्वतः गिळून टाकत होती.

"म्हणजे ब्रेकमध्ये हवा शिरली तर पाय नुसताच हवा दाबत बसतो," कृत्तिका म्हणाली होती. आबांनी तिची पाठ थोपटली होती.

तांबडीचं नेमकं हेच झालं होतं. उजव्या मागच्या चाकातले सील झिजून तेल गळत होतं. आबांनी सील बदलले. जुनं तेल चहासारखं काळपट झालं होतं, तेही काढलं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच आकसते. म्हणून त्यांनी नव्या, सीलबंद डब्यातलं तेल भरलं. पण हे सगळं खोलाखोल करताना आत हवा शिरलीच. ती काढायला चाकाच्या मागे एक बारीक पोकळ नट असतो. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. आबांनी पेडल दाबून "सोड" म्हटलं की कृत्तिकानं पान्यानं नट सैल करायचा. हवा आणि तेल बाटलीत येतं, पेडल खाली जातं. पाय तळाला टेकला की आबा "आवळ" म्हणणार. तिनं नट आवळला की मगच त्यांनी पाय उचलायचा, नाहीतर हवा पुन्हा आत ओढली जाते.

आता कोडं असं, की नट सैल असताना नुसत्या हलक्या पायानं पेडल तळाला जायला हवं, तर ते अर्ध्यावरच अडत होतं. आणि नट घट्ट असताना जोरात दाबलं तरी अडायला हवं, तर तळाला जात होतं. सगळं नेमकं उलटं. नटाच्या भोकात मळ अडकला असेल म्हणून आबांनी बारीक तार घालून भोक साफ केलं. नळी बदलली. काही फरक नाही. आता एकच शक्यता उरते, ते म्हणाले, मास्टर सिलिंडर आतून गेला असेल. आणि तो आता कुठल्या दुकानात मिळणार?

कृत्तिकानं मान वर केली. "आबा, माझ्याकडून काही मोडलं का?"

"तुझ्याकडून काय मोडायचंय? म्हातारी गाडी आहे," आबा म्हणाले. पण त्यांची नजर तिच्या हातातल्या पान्यावर गेली. मग म्हणाले, अजून एकदा करून बघू.

ते गाडीत बसले. कृत्तिकानं पाना नटावर चढवला आणि सहज वर पाहिलं, तर दाराबाहेरचा आरसा हळूहळू खाली वळत होता. त्यात आधी आभाळ दिसलं, मग भिंत, मग आबांचे डोळे. तिला वाटलं आबा आपला पाना बघतायत. ती सावरून बसली.

"सोड."

तिनं नट सैल केला. नळीतून तेल सरकलं आणि त्यामागे एक गोल, चकचकीत बुडबुडा आला.

पेडल अर्ध्यावर अडलं. या वेळी आबांनी दुसऱ्यांदा दाबलं नाही. ते खाली उतरले आणि गुडघे धरत तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"कृतू, बुडबुडा दिसला तेव्हा तू काय केलंस?"

"बंद केलं." तिला प्रश्नच विचित्र वाटला. "लगेच. एक सेकंदसुद्धा लागला नाही."

"मी आवळ म्हणायच्या आधी?"

कृत्तिकानं हातातल्या पान्याकडे पाहिलं. तो तिनं घट्ट आवळून धरला होता, इतका की बोटं पांढरी पडली होती. आणि श्वास रोखलेला होता. आपण श्वास रोखलाय हे तिला तेव्हा कळलं.

तिनं मग सगळं सांगितलं. चंद्रावर बाहेर हवा नाही. वस्तीत आहे तेवढीच, आणि ती बाहेर गेली की गेली. दर शनिवारी मुलं साबणाच्या पाण्याचे कुंचले घेऊन भिंतींचे सांधे पुसत फिरायची. जिथं बुडबुडा फुगेल तिथं गळती. चालायला लागल्यापासून पाठ केलेला नियम एकच, आधी हात, मग हाक. बुडबुडा दिसला की आधी दाबून धरायचं, मोठ्यांना बोलवायचं नंतर. ती सहा वर्षांची असताना शाळेच्या भिंतीवरची एक भेग तिनं तळहातानं दाबून धरली होती, माणसं धावत येईपर्यंत. वर्गातली सगळी मुलं आत होती.

पिचकाऱ्यांचा प्रयोग तिच्या डोक्याला कळला होता. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं ते काम हात परस्पर करून मोकळा होत होता, आणि बुडबुड्यामागची हवा दर वेळी आतच कोंडली जात होती.

आबांचे डोळे भरून आले. आपण सकाळपासून नटात मळ शोधत बसलो याची त्यांना लाज वाटली, आणि तसं त्यांनी तिला सरळ सांगूनही टाकलं. मग म्हणाले, पेडल दाबून धरायला काठीचा टेकू लावता येईल. थोडं अवघड आहे, पण जमेल. तू नको म्हणालीस तर नट मी सैल करतो.

कृत्तिकाला ते फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं. पावणेतीन वाजले होते.

"मीच करते," ती म्हणाली.

पुढच्या खेपेलाही हातानं दगा दिला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी घाई केली नाही. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं.

"बुडबुडा नळीतून कुठं जातो?"

"बाटलीत."

"आणि बाटलीतून?"

"वर. बाहेर."

"बाहेर काय आहे?"

कृत्तिकानं आजूबाजूला पाहिलं. अंगण होतं, पलीकडे करवंदीची जाळी होती, त्याच्यापुढं दरी आणि दरीवर आभाळ.

"हवा," ती म्हणाली.

"तुझ्या गावी ती बाहेर गेली की हरवते बाळा. इथं हरवायला जागाच नाही. ती आपल्या घरी जाते. जाऊ दे तिला."

आबा पुन्हा गाडीत जाऊन बसले. कृत्तिकानं या वेळी मोठ्यानं श्वास घ्यायचा आणि सोडायचा ठरवलं. आबा "सोड" म्हणाले. नट सैल झाला, तेल सरकलं, बुडबुडा आला. तिच्या मनगटाला झटका बसला. तिनं श्वास सोडला आणि हात तसाच ठेवला. बुडबुडा नळीतून बाटलीत गेला, वर आला, फुटला. काहीच झालं नाही. करवंदीवरचा पक्षी ओरडत होता तसाच ओरडत राहिला. मग दुसरा बुडबुडा आला, मग फेसच फेस.

"आवळ," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता, कारण पाय पहिल्यांदाच तळाला टेकला होता.

मास्टर सिलिंडरवरच्या छोट्या टाकीत तेल भरत भरत त्यांनी तेच अकरा वेळा केलं. फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांचे मणी झाले, आणि शेवटी नळीतून नुसतं मधासारखं पिवळं तेल आलं. आबांनी नट आवळलेला असताना पेडल दाबलं. ते दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. त्यांनी कृत्तिकाला हाताला धरून आत बसवलं. तिनं दोन्ही पायांनी दाबून पाहिलं. दगड.

मुजावर मॅडम चारला पाच मिनिटं असतानाच आल्या. त्यांनी चाकं पाहिली, तेल पाहिलं, मग घाटाच्या पहिल्या उतारावर पांढरी रेघ मारली आणि आबांना ताशी चाळीसच्या वेगानं येऊन रेघेच्या आत थांबायला सांगितलं. कृत्तिका त्यांच्याशेजारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तांबडी धडधडत उतारावरून आली. आबांनी पेडल दाबलेलं कृत्तिकाला आपल्या तळपायात जाणवलं. चाकं करकरली आणि गाडी थांबली. रेघ अजून चार पावलं पुढं होती.

मॅडमनी अंतर मोजलं, शिक्का मारला आणि विचारलं, हवा कुणी काढली? आबांनी कृत्तिकाकडे पाहिलं. मॅडमनी अर्जाच्या तळाशी काम करणाऱ्यांच्या रकान्यात दुसरं नाव लिहून घेतलं: कृत्तिका. गाव? "चंद्र," ती म्हणाली. मॅडमनी तसंच लिहिलं.

ऊन उतरायच्या आत दोन झरे मोजून होतील, असं म्हणून आबांनी तिला शेजारी बसवलं आणि गाडी जुन्या रस्त्याला घातली. पहिलं वळण आलं. आबांनी पाय टेकवला, तांबडी शहाण्यासारखी मंदावली. दुसरं वळण, तिसरं. कृत्तिकाच्या बाजूच्या दाराला एक दांडी होती. ही कशाची, असं तिनं विचारलं. काच खाली करायची, आबा म्हणाले.

चंद्रावर कुणीच कधी खिडकी उघडत नाही. कृत्तिकानंही आजवर उघडली नव्हती. इथं घरातसुद्धा ती आबांनीच उघडायची. तिनं दांडी धरली आणि एक फेरा फिरवला. फटीतून वारा शिट्टी घालत आत घुसला. तिचा हात दांडी उलटी फिरवू पाहू लागला. तिनं श्वास सोडला आणि दांडी पुढं फिरवली. काच पूर्ण खाली गेली, केस तोंडावर आले, दरीतली सगळी हवा गाडीत शिरली आणि पलीकडून निघून गेली.

"आबा," ती वाऱ्यावर मोठ्यानं म्हणाली, "तिकडं आम्ही एवढा मोठा घुमट बांधू, की घरांच्या बाहेरही हवाच असेल. मग मी सगळ्यांना खिडकी उघडायला शिकवीन."