बेलभंडार न उचललेली पंचफुला

जीपनं करकचून ब्रेक मारला आणि चिखलाचं शिंतोडं थेट पंचफुलाच्या धुतल्या लुगड्यावर. ताडकळसचा बाजार, वरून रिमझिम, हातात मेथीची जुडी. जीपच्या मागनं एक तरणा माणूस उतरला, खिशातला रुमाल काढून चिखल पुसायला वाकला… अन् आपण कोणाच्या पायापाशी वाकलोय हे ध्यानात येताच कानापर्यंत लाल झाला.

"राहू द्या," पंचफुला म्हणाली. "जीपवाल्यांचा चिखल पुसून जात न्हाई."

"जीप माझी न्हाई, बाई. एस.टी. वाटंत बंद पडली, म्हणून बसलो."

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी."

"पोळी कुठली — सकाळपासनं उपाशीच हाय मी."

तिला हसू आलं. तिनं ते गिळलं. जीप भगवानरावाची होती, आणि भगवानरावाच्या जीपमधून उतरलेल्या माणसासमोर हसायचे ते दिवस नव्हते.

त्याचं कारण असं. पंचायत समितीच्या सभापतीच्या खुर्चीला पक्षाकडून भगवानरावानं उभं राहायचं का रंगनाथनं, हे परभणीच्या बैठकीत अकरा प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून ठरवणार होते. दहाजणांनी महादेवापुढं बेलाचं पान अन् भंडारा हातात घेऊन शपथा वाहिल्या होत्या. पाच इकडं, पाच तिकडं. अकरावी पंचफुला, बालवाडीची बाई, महिला मंडळानं पाठवलेली. एरवी जे तिला देवळाची पायरी शिवू देत नव्हते, तेच त्या आठवड्यात मानानं गाभाऱ्यात न्यायला आले. तिनं सांगितलं, आमच्या घरानं छप्पन्न सालीच देव ठेवून दिले, तुमचा बेल माझ्या हातात वाळून जाईल. झालं. बेलभंडार न उचललेलं माणूस म्हणजे दाव्याविना मोकळं जनावर. दोन्हीकडचे तिच्या दारावर नजर लावून बसले.

आणि नेमकं तेव्हाच त्या जीपमधनं उतरलेल्या माणसाचं तिच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. पंडित नाव, पेडगावचा, आपल्याच समाजातला, गावच्या शाळेवर नवा आलेला मास्तर. एकदा आला तो बाराखडीचा तक्ता मागायला. दुसऱ्यांदा तिच्या आईच्या, कुसुमबाईच्या खोकल्यावर अडुळशाचा पाला घेऊन. तिसऱ्यांदा काहीच न घेता. तिच्याकडं बघायचा, तिनं बघितलं की कपात बघायचा. मताचा मात्र एक शब्द न्हाई. पंचफुलाला तेच खटकलं. गळ टाकून बसलेला माणूस मोठ्यानं मासा मासा करत नसतो.

कुसुमबाई चुलीपासून म्हणाली, "जावई व्हायला येतोय का मत मागायला, ते एकदा इचारून घे बाई. दोन्ही कामाला माणसं असंच तोंड करून बसतात."

पंचफुलानं इचारलं न्हाई. तिनं पारख केली. चहा देता देता हळूच बोलली, "गुरुजी… कोणाला सांगू नका. मी रंगनाथलाच चिठ्ठी टाकणार हाय."

खोटं होतं ते. तिचं अजून काहीच ठरलं नव्हतं. पण हे भगवानरावाच्या कानी गेलं की त्याची माणसं दारात येणार, अन् चोर आपोआप सापडणार.

पंडित नुसता "बरं" म्हणाला आणि कप खाली ठेवला.

पहिल्या दिवशी कोणी आलं न्हाई. दुसऱ्या दिवशीही न्हाई. तिचं मन हलकं व्हायला लागलं, तेवढ्यात दुसरी शंका उठली — मग हा रंगनाथचा माणूस तर नसंल? त्यानंतर पंडितनं येणंच बंद केलं. काम झालं, गडी गेला, असं तिनं स्वतःला बजावलं. तरी दुपारच्याला चहाचं पाणी एक कप जास्तच पडायचं.

बैठक झाली. रंगनाथ आठ, भगवानराव तीन. म्हणजे सगळ्या गावानं पाळत ठेवली बेल न उचललेलीवर, आणि फुटले ते बेलभंडार उचलणारे. सकाळी तिला पुढच्या शिटावर बसवून आणणाऱ्या भगवानरावाच्या जीपमधी संध्याकाळी तिच्यापुरती जागा उरली नव्हती. भुरभुर पावसात ती परभणीच्या स्टँडवर चालत आली.

पत्र्याखाली पंडित उभा. शेजारी ट्रंक आणि वळकटी.

"कोणाची वाट बघायलाव?" तिनं इचारलं.

"तुमचीच."

"माझ्याकडं आता मत न्हाई, गुरुजी. टाकून आले."

"म्हणून तर आज आलो. आधी इचारलं असतं, तर तुमाला वाटलं असतं मतच मागायलाय."

तिची नजर ट्रंकेवर गेली. बदली झाली, तो म्हणाला, गंगाखेडच्या पलीकडं, गोदावरीच्या काठाला. पंचफुलानं हात पुढं केला. बदलीचा कागद बघितल्याबिगर ती पटवून घेणारी नव्हती. कागदावरची तारीख तिनं दोनदा वाचली. त्या चहानंतरचा तिसरा दिवस.

"हे कशापायी?"

त्यानं कागद परत घेऊन घडी घातली. मग म्हणाला, भगवानरावानं बोलावून घेतलं होतं. बाई कोणाकडं हाय, इचारलं. "मी म्हणलो, ठाऊक न्हाई. त्यांना ते पटलं न्हाई."

"तुमाला तर ठाऊक होतं."

"तुमीच म्हणला होता ना… कोणाला सांगू नका."

पंचफुलाचा पदर ओला होता, त्यानंच तिनं डोळे टिपले. "ते खोटं होतं, गुरुजी."

"असू द्या. माझ्यापाशी ठेवलेलं होतं, म्हणून जपलं."

गंगाखेडची गाडी लागली. त्यानं ट्रंक उचलली न्हाई. "याल का तिकडं… माझ्याबरोबर?"

"अशी कशी येईन? रीतसर आईला मागणी घालायला या." ती थांबली. "अन् आपल्याकडं बेल-बिल नसतो. नुसता शब्द द्यावा लागतो."

"दिला," तो म्हणाला.

भगवानरावाचे बेलवाले दोघं फुटले का तिघं, हे एकट्या पंचफुलालाच ठाऊक. आपली चिठ्ठी कोणाला गेली ते तिनं कधी कोणाला सांगितलं न्हाई. नदीकाठी संसार झाला, लेकरं झाली, गुरुजींनी एकदाही इचारलं न्हाई. ज्या दिवशी इचारतील, त्या दिवशी चहा पुढं ठेवून ती पुन्हा त्यांच्या तोंडाकडं निरखून बघंल.