पाइपातले ठोके

दार लोटून घ्या आणि तो मोबाइल पालथा ठेवा. हं. ही गोष्ट माझ्या मेहुण्याची. मेहुणा म्हणून त्याला नावं ठेवायचा मला हक्कच आहे, पण माणूस थापाड्या नाही, एवढं कबूल करायला हवं.

शेताखालून निचऱ्याचे पाइप टाकायचं त्याचं काम. मातीत मुरलेलं जास्तीचं पाणी पाइपात उतरतं आणि ओढ्यात जाऊन पडतं. ते नितळ असलं तर ठीक. गढूळ आलं, तर समजायचं की कुठलातरी सांधा सुटलाय आणि पाण्याबरोबर मातीही चाललीय. वरून जमीन धडधाकट दिसते, आतून पोकळ होत जाते.

त्याचा जोडीदार होता घुम्या. दिवसभरात चार शब्द बोलला तर नशीब. दोघं पाइपाच्या दोन टोकांना बसायचे आणि पहारीनं पाइपावर ठोके देऊन एकमेकांना खुणावायचे. दोन ठोके म्हणजे ठीक. तीन म्हणजे थांब. घुम्या तापानं गेला, त्याला या गोष्टीच्या वेळी दोन वर्षं झाली होती.

गेल्या नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. संध्याकाळी मेहुण्यानं पाहिलं, घरच्या शेताच्या पाइपातून ओढ्यात गढूळ पाणी पडतंय. आणि सकाळी त्याच शेतात त्याचा धाकटा भाऊ कापणीचं अवजड यंत्र घालणार होता. त्यानं लगेच फोन लावला.

"उद्या यंत्र आणू नकोस. जमीन खचेल."

"दादा, तुला सगळीकडे खड्डेच दिसतात. यंत्र उद्यापुरतंच मिळालंय. जागा दाखव, मी वळसा घालून जाईन. नाहीतर सरळ घालणार."

धाकटा पहिल्यापासून हट्टी. रात्री साडेअकराला पहार, बॅटरी आणि खुणेसाठी लाल चिंधी बांधलेली काठी घेऊन मेहुणा निघाला.

पाइपाच्या रेषेवरून चालायचं, पहार आपटायची, कान द्यायचा. पोकळ वाजलं की तिथे काठी रोवायची. भरीव... भरीव... पीक कमरेएवढं. वारा अजिबात नव्हता.

त्यानं पहार दोनदा आपटली.

खालून दोन ठोके आले.

त्याला वाटलं, आवाज घुमला असेल. मग एकदाच आपटली.

खालून... दोन.

त्यानं खाली वाकून विचारलं, "कोण आहे?"

त्यानं बॅटरी चहूकडे फिरवली. नुसतं पीक.

पळून जावं असं फार वाटलं. पण सकाळी भाऊ इथूनच येणार... तो पुढे निघाला. ठोके त्याच्या पायाखालून चालू लागले. दोन. दोन. तो थांबला की थांबायचे. दोन...

त्यानं पाऊल उचललं.

तीन.

पाऊल अधांतरी. पुन्हा तीन. टेकलेल्या तळपायाला जाणवले.

"घुम्या...?"

...

समोरची जमीन खाली बसली. आवाज न करता. पिकासकट. तोल सावरताना हातातली पहार सुटली. खड्ड्यात गेली... पडल्याचा आवाज आलाच नाही.

काठी तिथेच रोवून तो मागच्या मागे सरकत बाहेर आला.

सकाळी मीही गेलो. यंत्र गडप होईल एवढा खड्डा. धाकट्यानं आधी काठी पाहिली, मग खड्डा पाहिला, आणि दादाचा हात धरून नुसता उभा राहिला. एरवी दोघं भांडल्याशिवाय दहा मिनिटं राहत नाहीत.

मग आम्ही ओढ्यावर गेलो. पाइपातून नितळ पाणी पडत होतं. आणि पाइपाच्या तोंडाशी, चिखलात, मेहुण्याची पहार उभी रोवलेली होती.

पहार त्याच्या खांद्याएवढी उंच. सरळ, लोखंडी. पाइप मुठीएवढा... आणि मध्ये काटकोनात वळलेला.