यजमानांच्या जागी सुपारी

मे महिन्यातल्या एका सकाळी नलिनीबाई आमलीच्या बाजारात बॅगेची चेन बदलायला गेल्या, तिथून ही गोष्ट सुरू होते. तुम्ही म्हणाल, चेन बदलण्यात कसलं आलंय भूत? थांबा की जरा. दिवा पुढे ओढा आणि ऐका. आणि मधेमधे हसू नका, कारण बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

बाई सिल्वासाच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. माहेर गुहागरकडचं. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये केस पांढरे झाले. नवरा, सदाशिवराव, सरकारी कचेरीत होते. दोन वर्षांपूर्वी वारले. माणूस वाईट नव्हता हो, असं सगळे म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल सगळे असंच म्हणतात. पण या माणसानं जन्मभर बायकोला आगगाडीच्या खिडकीशी बसू दिलं नाही. हरिद्वार म्हणू नका, कन्याकुमारी म्हणू नका, खिडकी त्यांची. निलगिरीचं तेल शिंपडलेला रुमाल तोंडावर टाकायचा आणि खिडकीत झोपून जायचं. बाई पलीकडे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही झोपताच आहात, तर मी बसते ना तिथं." रुमालाखालून खाकरून उत्तर आलं, "तुला काय बघायचंय बाहेरचं? झाडंच आहेत."

जिनं नकाशावर छडी फिरवून पोरांना सगळं जग दाखवलं, तिला हे ऐकवलं! मला नुसतं आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. बाईंचं काय होत असेल ते बाईंनाच माहीत.

तर यंदा बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी ठरवलं, परदेशात जायचं, लांबलचक आगगाडीनं जायचं, आणि एकटीनं जायचं. त्यातून निवडला व्हिएतनाम. नकाशावर पडवळासारखा दिसणारा तो देश पोरांना दाखवताना त्यांचं बोट दर वर्षी रेल्वेच्या रेघेवर थबकायचं. हनोईहून सैगॉनला जाणारी गाडी, मधे कितीतरी वेळ समुद्राच्या कडेकडेनं. पेन्शनीत बसवायचं होतं, म्हणून एजंट नको, टूर नको. विमान मिळेल ते स्वस्त. गाडीत सहा बर्थांचा डबा, कारण चार बर्थांचा महाग. त्यातही अगदी वरचा बर्थ सगळ्यात स्वस्त पडतो, पण तिथून छताखेरीज काही दिसत नाही. तेव्हा तेवढी एक उधळपट्टी करून खालचा घेतला, खिडकीचा. बरोबर दशम्या आणि मेतकूट. हनोईत उतरायला एका बाईच्या घरातली खोली.

आमलीत चेनवाल्याच्या शेजारीच एका ट्रॅव्हल एजंटचं दुकान होतं. त्यानं बॅग बघून विचारलंच, "आंटी, अकेले जा रहे हो? ग्रुपमां जाओ ने, अच्छा रहेगा."

"ग्रुपमध्येच होते रे जन्मभर," बाई म्हणाल्या. "माझा नि माझ्या नवऱ्याचा ग्रुप. पुरे झाला." तो बिचारा काही समजला नाही.

खरा विरोध घरचाच होता. जवळच सामरवरणीला त्यांची नणंद राहते, मंजुषा. वयानं धाकटी, पण नणंदेचा तोरा मोठा. "वहिनी, एकटी बाई परदेशात? दादा असता तर त्यानं सोडलं असतं का तुला? बरं, जायचंच असेल तर निदान सत्यनारायण घालून जा." बाई म्हणाल्या, घाला, एकदाची सगळ्यांची तोंडं बंद होऊ देत. तिथंच चुकलं.

पूजेला वापीहून नवे गुरुजी आले. बाईंच्या कपाळाला टिकली, गळ्यात बारीक मंगळसूत्र. नवरा गेल्यावरही त्यांनी ते काढलं नव्हतं, का काढावं? गुरुजींनी विचारलं, "यजमान कुठं आहेत?" बाई आत शिऱ्याशी होत्या. दादा नाही, हे म्हणायला मंजुषाची जीभ रेटेना. ती म्हणाली, "बाहेरगावी असतात."

आता रीत अशी, की जोडीतला एक जण बाहेरगावी असला तर त्याच्या नावानं सुपारी मांडायची, म्हणजे तो येऊन पूजेला बसला असं धरायचं. गुरुजींनी बाईंच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर सुपारी ठेवली आणि सदाशिवरावांचं नाव-गोत्र घेऊन तिच्यावर अक्षता टाकल्या. बाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या, तर शेजारी सुपारी! कानशिलं तापली त्यांची. पण घर पाव्हण्यांनी भरलेलं, चारचौघांत तमाशा कसा करायचा? सुपारीच तर आहे, असं स्वतःला सांगून त्या गिळून बसल्या. दुसऱ्या दिवशी मंजुषानं प्रेमानं एक कापडी पाऊच आणून दिला, पासपोर्ट ठेवून गळ्यात अडकवायचा. स्वतः शिवलेला. बाईंना बरंही वाटलं. सवय व्हावी म्हणून घरात असल्या की त्या तो गळ्यात घालायच्या.

त्यानंतरची गोष्ट. खालच्या मजल्यावर रोहिणी नावाची मुलगी नवीनच राहायला आली होती, शिरपूरकडची, धाग्याच्या फॅक्टरीत कामाला. तिनं जिन्यात बाईंना थांबवलं.

"मावशी, काल तुमच्याकडे विरजण मागायला आले होते मी. बेल वाजवली तर आतून काका खाकरले. मग म्हटलं, राहू दे, झोपेल असतील."

"कोण काका?"

"तुमचे… म्हणजे, तुमच्या घरचे नाहीत का ते?"

काल दिवसभर बाई बँकेत होत्या आणि दाराला कुलूप होतं.

घरात शिरल्या तर निलगिरीचा वास. मंद, पण खोलीभर. पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर भरदुपारचं रणरणतं ऊन, आणि आत हा वास. बाईंनी सगळी कपाटं उघडून पाहिली. नवऱ्याचे रुमाल तर तेराव्यालाच देऊन टाकले होते. मनात आलं, ऊन डोक्यात चढलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारीच हनोईच्या घरमालकिणीचा व्हिडिओ कॉल आला. हसरी, गोलमटोल बाई. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं खोली दाखवली, गच्ची दाखवली. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकच माणूस लिहिलं होतं ना?"

"हो. मी एकटीच."

"मग हे? मिस्टर? ते उभे का? त्यांना खुर्ची द्या ना…"

बाई हळूच वळल्या. मागं भिंत. भिंतीशी कोणी नाही. फक्त वास, आता अगदी मानेपाशी… आणि खाकरल्याचा आवाज. तोच. बायकोनं काही मागितलं की नकार देण्याआधी यायचा तोच.

दुसरी कोणी असती तर किंचाळत जिन्यावरून खाली गेली असती. बाई घाबरल्या, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या पाठोपाठ जो संताप आला ना, त्यानं भीतीला पार ढकलून दिलं. "मेल्यावरसुद्धा?" त्या भिंतीला म्हणाल्या. "अहो, मेल्यावरसुद्धा? एक, एकच गोष्ट माझ्यासाठी करायला निघाले होते मी…"

हनोईची बाई केव्हाच फोन ठेवून मोकळी झाली होती.

तशाच रिक्षा करून त्या सामरवरणीला गेल्या. मंजुषानं दार उघडलं आणि वहिनीचा चेहरा बघून दोन पावलं मागं सरली.

"ती सुपारी कुठाय?"

"कुठली वहिनी…"

"उगीच भोळेपणाचा आव आणू नकोस. विसर्जनाच्या ताम्हनात नव्हती. माझ्या शेजारी मांडलेली सुपारी कुठाय?"

मंजुषा रडायलाच लागली. "तुझ्या पाऊचमध्ये आहे. शिवणीत. दादाला किती हौस होती परदेशाची! तू एकटी निघालीस, म्हटलं त्यालाही घडू दे. तुलाही सोबत…"

बाईंनी गळ्यातला पाऊच काढला. आठवडाभर तो छातीशी बाळगत होत्या. दातांनी शिवण उसवली, तशी लाल फडक्यातली सुपारी तळहातावर आली. "सोबत? माझ्या गळ्यातच बांधलंत की त्यांना! गेलेल्या माणसाला हाक मारून आणलंत, आणि त्याला परत पाठवलं कोणी? तू? का तुझ्या त्या गुरुजींनी?"

मंजुषानं तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावला. आधी ते काही ऐकूनच घेईनात. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "वारलेत? अहो, मला सांगायचं नाही का… मी नाव-गोत्र घेतलं हो त्यांचं." मग घाईघाईनं म्हणाले, "नदीत सोडा. आजच, उजेड आहे तोवर. पण मंत्र नाही, निरोप नाही, काही नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. सोडायची आणि मागं न बघता यायचं."

बाई दमणगंगेच्या पुलावर पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाणी आटलेलं, पण मधल्या धारेला ओढ होती. फॅक्टऱ्या सुटायची वेळ. मागून बसगाड्या, टेम्पो, सायकली जात होत्या. बाई कठड्याशी उभ्या राहिल्या. मनात एवढं साचलं होतं, की ओरडून सांगावंसं वाटत होतं: जा, तुमची खिडकी घेऊन जा, तुमची झाडं घेऊन जा. दातांवर दात रोवून त्यांनी ते सगळं आत दाबलं. एक शब्द निघू दिला नाही. मूठ पुढं केली, उघडली.

आणि सुपारी हातातून सुटली त्याच क्षणाला ओठ आपोआप हलले.

कोकणातली लेक ती. जन्मल्यापासून दर गणपतीला, देव पाण्यात सोडताना, हात मोकळा झाला की जे शब्द म्हणायचे ते रक्तातच मुरलेले. डोक्याला विचारून ते थोडेच येतात? "पुनरागमनाय च," बाई म्हणाल्या. पुन्हा येण्यासाठी.

त्यांनी तोंडावर हात मारला. पण खाली पाण्यात केव्हाच बुडबुडा उठून विरला होता.

पुढचे दिवस घरात वास नव्हता. रोहिणी विरजण नेऊन गेली, तिला काही ऐकू आलं नाही. मंजुषा फोनवर म्हणाली, "वहिनी, नको जाऊस गं आता." बाई म्हणाल्या, "आता तर जाणारच. त्यांच्यासाठी जन्मभर राहिले, आता त्यांच्यामुळं राहू?" हनोईच्या घरमालकिणीनं काहीतरी निमित्त सांगून खोली नाकारली. बाईंनी स्टेशनजवळ दुसरी शोधली, त्याहून साधी. मुंबईहून विमानात बसल्या आणि गेल्या.

हनोईहून गाडी दुपारी सुटली. खालचा बर्थ, खिडकी. बाईंनी काचेला कपाळ टेकलं. भातखाचरं, शेवग्याएवढी उंच कसलीशी झाडं, टोकदार टोप्या घातलेल्या बायका, एका घराच्या दोरीवर वाळत टाकलेला शाळेचा गणवेश. झाडंच आहेत म्हणे! बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. वरच्या बर्थची एक म्हातारी दिवसापुरती त्यांच्याच बर्थच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मधे तिची फळांची टोपली. तिनं न बोलता एक केळं बाईंच्या हातात ठेवलं. बाई हसल्या. सारं आयुष्य वाट पाहिली होती ती ह्याचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी समुद्राशी आली. निळंशार पाणी पार रुळांपर्यंत. तेवढ्यात म्हातारीनं दाराकडे पाहिलं. ओळखीचं हसली, मान लववली, आणि वडीलधाऱ्याला जागा देतात तशी आपली टोपली उचलून मांडीवर घेतली. दोघींच्या मधली जागा मोकळी झाली.

बाईंनी वळून पाहिलं नाही. म्हातारीचा चेहरा मात्र त्यांना काचेत दिसत होता. ती त्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होती. मग तिची नजर खाली गेली, जमिनीकडे, पाय टेकतात तिथं… आणि हसू पुसलं गेलं. टोपली छातीशी धरून ती उठली, भिंतीला घासत दारातून बाहेर पडली.

बाईंची बाजू हळूहळू जड होत गेली, कोणी रेलून बसल्यासारखी. त्या काचेकडे तोंड करून, स्पष्ट मराठीत, वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "खिडकी माझी आहे. ऐकू आलं? मी उठणार नाही."

आणि नाही उठल्या. तो अख्खा दिवस, मग अख्खी रात्र, सैगॉन येईपर्यंत. म्हातारी परत आली नाही. प्रत्येक स्टेशनावर गाडी भरत होती, लोक टेकायला जागा शोधत आत डोकवायचे, बाईंच्या शेजारच्या जागेकडे बघायचे, आणि माफी मागितल्यासारखी मान लववून पुढच्या डब्यात निघून जायचे.