तो मोड की ती मोड?

"डावीकडे घे! अरे, तुझं डावं, माझं नाही!" पुरवणी किंचाळली.

"ऐकू येतंय मला!" तोफ गरजला, आणि कठड्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली.

हातगाडीवर एक साळिंदर ऐटीत बसलं होतं. जुन्या टंकयंत्राच्या अक्षरांचे दांडे उलगडून मावशीनं त्याच्या पाठीवर काटे फुलवले होते. गाडी दगडावरून गेली की काटे किणकिणत. त्या तालावर मागून ढकलणारी गुणगुण हळूच सूर धरी. म्हणून तर तिचं नाव गुणगुण! सुट्टीसाठी ती मावशीकडे आली होती. पुरवणी आणि तोफ ही मावशीची मुलं. पुरवणी परीक्षेत पुरवण्या मागून मागून बाईंना दमवायची आणि बोलण्यातही तिचं तेच. तोफेबद्दल वेगळं सांगायला नकोच.

"तोफ म्हणे! तोफ स्त्रीलिंगी असते रे," पुरवणी म्हणाली. "तोफ आला, तोफ गेला, कानाला कसं टोचतं!"

"मग कान काढून ठेव!"

सुट्टीभर तिघांनी मावशीच्या खोलीत नुसती धमाल केली होती. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू तिथं यायच्या. बंद पडलेले रेडिओ, चकतीचे टेलिफोन, बिनकाट्यांची घड्याळं. मावशी त्यांना हातात घेऊन बसे, जणू आजारी माणसाची नाडीच बघतेय. मग एक दिवस रेडिओचं घरटं होई आणि घड्याळाला पंख फुटत.

सगळ्यांत सुंदर होतं ते झाड. त्याच्या फांद्यांना गुंडाळीच्या वायरींवर टेलिफोनचे रिसीव्हर लोंबत होते. कुठलंही फूल कानाला लावा, कुणाचा तरी जुना आवाज ऐकू येई. एका फांदीत कोपऱ्यावरच्या शिंपीआजोबांची कॅसेट होती. आजी गेल्या त्याच्या आधी घरच्या निरोप टिपणाऱ्या फोनयंत्रावर त्यांच्या आवाजातला एक निरोप राहून गेला होता. यंत्र कधीच बिघडलं, कॅसेट तेवढी डब्यात राहिली. आजोबा ती कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते. गुणगुणनंच त्यांची समजूत काढली होती. "आजोबा, मी जपीन. माझा शब्द!"

आज संध्याकाळी प्रदर्शन. आजोबा येणार होते.

गाडी सभागृहाच्या दारात थांबली. तोफ आत धावला आणि तसाच उलटा बाहेर आला.

"गेलं!" तो म्हणाला. तेही चक्क हळू आवाजात! "सगळं गेलं!"

काल संध्याकाळी मावशीनं खोकी कोपऱ्यात रचली होती. शेजारी कापडात गुंडाळलेलं झाड. आता तिथं नुसतं ऊन पडलं होतं. गुणगुणच्या ओठावरचा सूर विझला.

सभागृहाचे व्यवस्थापक लगबगीनं आले. त्यांना मुलं पाठीमागे 'झालंचसमजाकाका' म्हणत, कारण कुठलंही काम सांगा, उत्तर एकच.

"चोरी!" कपाळावर हात मारत ते म्हणाले. "पण काळजी नको. चोर पकडलाच समजा!"

"काका, हा कसला चोर?" गुणगुण इकडेतिकडे बघत म्हणाली. "नवा कोरा ध्वनिक्षेपक इथंच आहे. पंखेसुद्धा आहेत. मुके टेलिफोन तेवढे नेले?"

"वेडा चोर असेल!" काका म्हणाले.

"आणि कालच्या त्या मोडक्या खुर्च्या?" पुरवणीनं अगदी भोळा चेहरा करून विचारलं. "त्याही चोरानंच नेल्या का हो?"

"छे छे! ती मोड मीच पुलापलीकडच्या भंगारवाड्यात पाठवली. सकाळी टेम्पो आला होता. मी फोनवर होतो, हमाल विचारायला आला, 'यातली मोड कुठली?' मी म्हटलं, बाबा, खडूनं 'मोड' लिहिलंय ना त्यावर! मोड पण काय निघाली, खोकीच्या खोकी..."

काका बोलता बोलता थांबले. पुरवणीचे डोळे बशीएवढे झाले होते.

"निघाली? काका, मोड निघाली नाही, मोड निघाले!"

"दोन्ही एकच की गं!"

"एकच कसं? ती मोड म्हणजे भंगार. तो मोड म्हणजे अंकुर! कडधान्य भिजवलं की त्याला येतात ते! आईच्या प्रदर्शनाचं नाव आहे 'मोड'. टाकलेल्या वस्तूंना फुटलेले अंकुर! म्हणून तिनं खोक्यांवर हिरव्या रंगात लिहिलं होतं..."

"अरे देवा!" काका मटकन खुर्चीत बसले. "हिरवा रंग मी पाहिलाच नाही."

गुणगुणनं फोन उचलला. मावशीला काय सांगितलं ते तिला नंतर आठवेना, पलीकडून आलेलं उत्तर मात्र लक्षात राहिलं. "मी गाडी घेऊन येते. तुम्ही पुढं व्हा, पण कुंपणाच्या आत एक पाऊल टाकायचं नाही!"

तिघं सुसाट सुटली. पूल ओलांडला, गोदामं मागं टाकली आणि तारेच्या कुंपणाला नाकं लावून उभी राहिली.

आत एक निराळंच गाव होतं. धुलाईयंत्रांची पोटं चंद्रांसारखी एकावर एक रचलेली. पंख्यांची पाती पाकळ्यांसारखी विखुरलेली. शीतकपाटाचं एक दार वाऱ्यानं उघडत होतं, मिटत होतं, जणू आत कुणी राहत असावं. गुणगुणला क्षणभर वाटलं, या सगळ्या वस्तू झोपल्यात आणि स्वप्नात आपापल्या घरी गेल्यात.

"ते बघ!" पुरवणीनं तिचा दंड धरला.

उंच यंत्राचा लोखंडी पंजा ढिगावर उतरत होता. तो मिटला, वर उठला, आणि त्याच्या बोटांत झाड! उलटं टांगलेलं. रिसीव्हर वायरींना लोंबून गरागरा फिरत होते. पलीकडं दाबयंत्र जबडा वासून बसलं होतं.

"थांबाऽऽऽ!" तोफेनं जन्मभराचा दारूगोळा एकदम उडवला. काचेच्या खोलीतल्या यंत्रचालकानं मानही वळवली नाही. त्याच्या कानांवर जाड झाकणं होती.

"आता?" तोफ रडवेला झाला.

गुणगुणच्या पायाशी काहीतरी चमकलं. कुंपणाबाहेर सांडलेल्या कचऱ्यात एक जुनी सीडी पडली होती, ओरखडे पडलेली. तिनं ती झग्याला पुसली आणि उन्हात धरली. इंद्रधनुष्याचा एक थेंब ढिगावर पडला. तिनं मनगट कलतं केलं. थेंब धुलाईयंत्रांवरून चढला, घसरला, पुन्हा चढला. पंजा जबड्याच्या दिशेनं वळत होता. थेंब काचेवर पोचला, चालकाच्या हातावर नाचला, आणि थेट डोळ्यांत!

पंजा जागच्या जागी थांबला.

चालकदादा झाकणं उतरवत खिडकीतून ओरडला, "ए पोरी! डोळ्यांत ऊन काय घालतेस?"

"दादा, ते भंगार नाही!"

"मग काय आहे?"

किती सांगायचं होतं! अंकुर, प्रदर्शन, हिरवा रंग. गुणगुणच्या तोंडून एवढंच निघालं, "त्यात निरोप आहे. एका आजोबांसाठी. अजून पोचायचाय."

दादानं झाडाकडे पाहिलं. मग झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा पंजा हळूहळू खाली आणला.

मावशी आली, मागोमाग घामाघूम काका. खोकी शाबूत होती. झाडाची मात्र एक फांदी पिचली होती आणि नेमक्या तिच्यातल्या कॅसेटची फीत बाहेर येऊन तिचा पार गुंता झाला होता.

"मावशी, माझा शब्द..." गुणगुणनं तो गुंता ओंजळीत उचलला.

मावशीनं तिच्या हातात एक पेन्सिल दिली. "रडून फीत भिजवू नकोस. चाकात घाल, आणि फिरव. घाई नाही."

सभागृहाच्या पायरीवर बसून गुणगुणनं पेन्सिल फिरवायला घेतली. बोटांना लय सापडली, तसा ओठांवर आपोआप सूर आला:

"फिर गं बाई फिर, गुंता सुटू दे रिळाचा,
परतीच्या वाटेवर, सूर येऊ दे गळ्याचा..."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. काकांनी सगळ्यांसमोर कान पकडले. "चूक माझी, आणि शहाणपण या तिघांचं! आजपासून व्याकरण शिकलोच समजा!" लोक हसले. मावशीनं तिघांना जवळ ओढलं. "वस्तू जपणारे पुष्कळ भेटतात," ती म्हणाली. "यांनी दुसऱ्याचा जीव जपला."

गुणगुणचं लक्ष दाराकडे होतं. शिंपीआजोबा आले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात विसरून राहिलेली मापाची पट्टी. तिनं रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

आधी खरखर झाली. मग चुरगळलेल्या फितीतून थोडा डुलत, जणू हसत हसत, आवाज आला. शेजारी उभ्या गुणगुणलाही तो ऐकू आला.

"अहो, ऐकलंत का? येताना पांढरा दोरा आणा, संपलाय. आणि सावकाश या हं. ऊन फार आहे."

आजोबांनी डोळे मिटले.

"आलो गं," ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. "सावकाशच आलो."

मग त्यांनी गुणगुणच्या डोक्यावर हात ठेवला. "शब्द पाळलास, पोरी. आता परत एकदा लावशील?"

मागं लोकांची रांग वाढत होती. पण कुणीही आटपा म्हणालं नाही. गुणगुणनं कळ दाबली.