रुद्राणी येईल

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी औशात टँकरच्या पाण्यावर दिवस चालले होते. दुपारी टँकर येऊन गेला, की कमलम्मा दाराला आतून कडी लावायची आणि नवऱ्याला शिकवायला बसायची.

नवरा गुरुपादप्पा, भुसार दुकानदार. लेकीचं, रुद्राणीचं, नाव नोकरीसाठी नोंदवायला दोघं लातूरला निघाले होते. वाटेत जीप उलटली. पोरगी जागीच गेली. हे डोक्याला मार लागून अकरा दिवस बेशुद्ध होते, उठले ते सगळं विसरून. बायकोला ‘बाई’ म्हणायचे, परकीला म्हणावं तसं. त्यांच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकावं, एवढीच कमलम्माची आस उरली होती.

डॉक्टरांनी रीत घालून दिली होती. रोज त्याच वेळी, त्याच वस्तू हातात द्यायच्या. ओळखा म्हणायचं नाही, नाव आपणच आधी सांगायचं; डोक्यात एकदा चुकीचं बसलं की निघता निघत नाही. म्हणून ती सांगायची, हे मापटं, ही विभूती, मी कमल. शेवटी लेकीचा फोटो. पहिल्या दिवशी तिनं खरं सांगितलं आणि गुरुपादप्पा ऊर फुटेस्तोवर रडले. दुसऱ्या दिवशी विसरले, तिनं पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तेवढेच रडले. तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला.

"रुद्राणी भाईर गेली हाय. येईल," ती म्हणाली. मग रोज तेच म्हणत गेली.

बाकी काही टिकलं नाही, तेवढं मात्र पक्कं बसलं. धडा संपला की ते दाराकडे तोंड करून बसायचे.

मग एके दुपारी तिनं सांगायच्या आधीच ते ‘मापटं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ‘विभूती’. ती हरखली. कसं आठवलं, म्हणून विचारलं.

"पोरगी शिकवायली की... तुमचा डोळा लागल्यावर."

कमलम्माच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला हेवाच जास्त वाटला. आईला का दिसू नये लेक?

त्या दुपारी ती झोपेचं सोंग घेऊन पडली. कडी वाजली नाही. फक्त ओल्या मातीचा वास आला, दोन वर्षांत गावात न आलेला. कुणीतरी सांगावं आणि यांनी मागून म्हणावं, तसे गुरुपादप्पा पुटपुटत होते. "कमल... कमल..."

तिनं डोळे उघडले. ते एकटेच समोर बसले होते.

"कमल," ते म्हणाले. तिला रडू आवरेना. "आता येणार न्हाई म्हनली ती. कुठं गेली गं आपली रुद्राणी?"

आता जे सांगू ते त्यांच्या ध्यानात राहणार, हे तिला कळलं. तिनं खरं सांगायला तोंड उघडलं, तोच त्यांनी डावी मूठ तिच्यापुढे धरली.

"तुला द्याया सांगितलंय."

तळव्यावर हिरव्या पट्टीत बांधलेलं, लेकीच्या गळ्यातलं इष्टलिंग होतं. लिंगायत रीतीनं पुरताना कमलम्मानंच ते तिच्या डाव्या हातात ठेवलं होतं, आपल्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून तीत बांधून. तेव्हा हे दवाखान्यात बेशुद्ध होते. पट्टीची गाठ तिनं मारली होती तशीच होती, आणि मातीनं ओली होती.